त्या वॉल्ट्झच्या आधी दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बापू तळेकर, प्रमुख पाहुण्या कुमुदताई, व्यासपीठावरील मान्यवर, वसईहून येऊन इथे स्थिरावलेले माझे गाववाले, मंडळाच्या बंधू-भगिनींनो, आणि मागच्या रांगेत आयांच्या मोबाइलवर गेम खेळणाऱ्या बाळगोपाळांनो, तुम्हा सर्वांना या हिलरी रुमावचा मनापासून नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझं भाषण नाही, हे मला माहीत आहे. सत्काराला उत्तर माझ्या मुलीने, रोशेलने, दिलं, तेवढं पुरेसं होतं. ती इंग्लिशमध्ये बोलली, त्याबद्दल मी दिलगीर आहे. आमच्या घरी प्रश्न मराठीत जातो आणि उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तुमच्याकडेही तेच चालत असणार, हसू नका. पण आत्ता आपले सूत्रसंचालक रुपेश यांनी जाहीर केलं, "आता एक सरप्राइज! ज्या बापाने पार्किंगमध्ये नाचून मुलीला आइस डान्सर बनवलं, ते बाप-लेक आपल्यासमोर वॉल्ट्झ करणार!" तुम्ही टाळ्या वाजवल्या. रुपेश, तू प्रेमानेच केलंस हे सगळं. पण बाबा रे, आधी विचारायचं तरी! हा नाच आज व्हायला नको आहे. आणि का नको ते न सांगता खाली बसलो तर तुम्ही म्हणाल, म्हातारा भाव खातोय. म्हणून माईक मागून घेतला. पाच मिनिटं द्या. बिर्याणी बापूंच्याच किचनची आहे, ती गरमच राहील.

आखातात आल्यापासून मी हमरिया फ्री झोनमध्ये पाइप-फिटिंगच्या कंपनीत सेल्सला आहे आणि उम्म अल कुवैनला राहतो. जीन, माझी बायको, तेव्हा हॉटेलमध्ये होती. तिच्या शिफ्ट्स, म्हणून पोरीला फिरवणं माझ्याकडे. आता जून-जुलैत इथे पोरांना नेणार कुठे? नेलं मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर. खरं सांगतो, खेळाचा काही विचार नव्हता, फुकटचा गारवा मिळत होता. रोशेल मात्र तिथेच रमली. उड्या तिला कधी जमल्या नाहीत, उडी मारली की बसलीच खाली. तेव्हा तिथल्या कोच म्हणाल्या, हिला आइस डान्स शिकवा. त्यात उड्या नसतात. मुलगा आणि मुलगी, एकमेकांना धरून, तालात नाचायचं, बस्स.

पण मुलगा आणायचा कुठून? इथली सगळी मुलं बर्फावरच्या हॉकीच्या मागे. मग राहिलो मी. बर्फावर मला उभंही राहता येत नाही. एकदा प्रयत्न केला होता, त्याचे फोटो जीनने अजून जपून ठेवलेत. पण वॉल्ट्झ? अहो, वसईच्या लग्नांत वाढलेला माणूस मी! बँड वाजायला लागला आणि एखादा खुर्चीत बसून राहिला, तर आमच्याकडे त्याला आजारी तरी समजतात नाहीतर रुसलेला. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गुळगुळीत टाइल्स आहेत. ऑफिसमधून आलो की टाय काढायचा आणि तिथे हिला धरून सुरू. वली नावाचा पठाण वॉचमन आहे, त्याने पहिल्या आठवड्यात विचारलं, "साब, घर में शादी है क्या?" म्हटलं, "इन्शाल्ला, अभी बहुत टाइम है." तेव्हापासून आम्ही नाचायला लागलो की तो बिचारा गाड्या अडवून धरायचा.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. अँड्र्यू नावाचा आपल्यातलाच एक चांगला मुलगा जोडीदार मिळाला आणि दोन सीझन दोघं इंडियाकडून खेळले. पाठीवर इंडिया लिहिलेलं ते जॅकेट ती ते दोन्ही सीझन घरात एसी बंद असला तरी घालायची. मग अँड्र्यू शिकायला कॅनडाला गेला. बरोबरच केलं त्याने. पण दोघांच्या खेळात एकट्या मुलीने करायचं काय? खूप शोधलं. शेवटी हंगेरीचा मार्टोन मिळाला. आता एका जोडीला दोन झेंडे चालत नाहीत. त्याच्या देशात कोच होती, सरावाची सोय होती, म्हणून ती हंगेरीची झाली.

चहाच्या वेळी मला दोघा-तिघांनी विचारलं, "हिलरी, पोरीने इंडिया का सोडलं?" प्रेमानेच विचारलंत, राग नाही. पण अहो, मी इतकी वर्षं इथे बसून दुसऱ्याच देशाच्या कंपनीचे पाइप विकतोय, मला कधी कुणी विचारलं नाही! आपण सगळे इथे कशाला आलो? जिथे काम मिळालं तिथे गेलो. तीही गेली. जॅकेट तिने धुऊन, घडी करून माझ्या कपाटात ठेवलंय, आणि ते ठेवताना ती किती रडली ते मी पाहिलंय.

देश बदलला की वर्षभर स्पर्धा खेळता येत नाही, असा नियम आहे. त्या वर्षात ती कुणाचीच नव्हती. बुडापेस्टमध्ये एका खोलीत राहायची, सराव करायची, झोपायची. भाषा येत नाही, मैत्रीण नाही. त्याच सुमारास जीनची आई अंथरुणाला खिळली आणि जीनला वसईला जावं लागलं, ती अजून तिथेच आहे. तिघांचं घर, तीन देशांत गेलं. मी संध्याकाळी घरी यायचो, डाळभात लावायचो आणि टीव्ही मोठ्याने लावून ठेवायचो. मला फार एकटं वाटायचं. तुमच्यापासून काय लपवायचं? इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरी हेच आहे, फक्त आपण एकमेकांना भेटलो की "सब बढिया, सब बढिया" म्हणतो.

आता मुद्द्यावर येतो, रुपेश घड्याळ बघतोय.

तिकडच्या कोचने एकदा तिचा नाच कॅमेऱ्यावर हळू करून पाहिला. डावीकडे वळायच्या आधी, प्रत्येक वेळी, ही पोरगी किंचित थांबत होती. दिसणारही नाही इतकं. पण मार्टोन पुढे जायचा, ही मागे राहायची आणि मार्क जायचे. कोचने विचारलं, "तू कुणाची वाट बघतेस?" हिला काही कळेना. खोलीवर जाऊन मला फोन केला. तिने पाठवलेला तो व्हिडिओ मी पाहिला आणि लगेच ओळखलं. माझा डावा गुडघा! तरुणपणी फुटबॉल खेळताना गेलेला. डावीकडे वळताना मला क्षणभर जड जातं. पार्किंगमध्ये ती लहानपणापासून माझ्यासाठी थांबत आली होती, तिच्या पायांनी तेच खरं धरलं होतं. आम्ही दोघं फोनवर खूप हसलो. "डॅडा, इट्स यू!" म्हणाली.

मग ती सवय काढायचं काम सुरू झालं. कित्येक महिने गेले. रोज तेच वळण, रोज तीच चूक. आणि एक दिवस ऑफिसात फोन आला. "डॅडा, इट्स गॉन!" मी म्हटलं, "शाब्बास गं माझी बाय." फोन ठेवला आणि टॉयलेटमध्ये जाऊन रडलो. आनंद झालाच होता. माझ्या पोरीच्या अंगातून मी गेलो, याचं दुःखही झालं. दोन्ही खरं आहे.

परवा ती आली. इथला व्हिसा टिकवायचा तर सहा महिन्यांत एकदा पाय लावावा लागतो, त्या नियमाचे उपकार, म्हणून पोरगी दिसते तरी. पार्किंगमध्ये गाडीतून उतरलो आणि मी सवयीने हात पुढे केला. तिने दोन्ही हात खिशात घातले. "नॉट नाऊ, डॅडा. आफ्टर द चॅम्पियनशिप, प्लीज." मी म्हटलं, "अगं, मी बॅग मागत होतो."

चॅम्पियनशिप पुढच्या आठवड्यात आहे. नव्या देशाकडून तिची पहिलीच मोठी स्पर्धा. महिनोन्‌महिने घासून पुसलेली ती सवय एका नाचाने परत आली तर? कदाचित येणारही नाही. पण मी तो धोका घेणार नाही. आत्ता रुपेशने जाहीर केलं तेव्हा मी तिच्याकडे पाहत होतो. क्षणभर तिचा चेहरा पडला. मग माझ्याकडे बघून हसली आणि सँडलचा पट्टा आवळायला लागली. एवढ्या लोकांसमोर बापाला नाही म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं. म्हणून तिच्या वतीने मीच नाही म्हणतो. रुपेश, ते गाणं लावू नकोस.

मंडळाने माझ्या मुलीचा एवढ्या मायेने सत्कार केला, निरोप दिला, बापूंनी हॉल दिला, कुमुदताई लांबून आल्या, या सगळ्याबद्दल मी ऋणी आहे. माझ्यामुळे कार्यक्रमाचा रंग उतरला असेल, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला आणि आता जेवायला चला, यल्ला.

रोशेल, बस. उठू नकोस, बाय. मी सांगतोय ना, बस खाली. कुमुदताई, तुम्ही तिच्या शेजारी आहात, जरा तिचा हात धरून ठेवा. ती माझ्यापर्यंत आली तर मला नाही म्हणता येणार नाही.