गाऊनची शेपटी

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणजे ताईनेच ओठांवर बोट ठेवून ठरवलंय, पण तुम्ही काही आमच्या जिन्यातले नाही, म्हणून तुम्हाला सांगते, आणि आधीच सांगते की चूक माझी एकटीची नाही, कारण कुठे सोडायचं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ताई म्हणजे समोरच्या दारातल्या शिवणवाल्या मावशींची मुलगी. मावशींची आणि आईची मैत्री माझ्या जन्माआधीची. मावशींच्या खोलीत मशीन, कपाट आणि त्या दोघी एवढंच मावतं, म्हणून ताईच्या लग्नाचा गाऊन आमच्या बाहेरच्या खोलीत शिवला. महिनाभर आम्ही भिंतीला पाठ घासत चालत होतो, कारण मधे गाऊनचा तो मागे लोळणारा भाग पसरलेला... आम्ही त्याला शेपटीच म्हणायला लागलो. बाबा पेपर उभ्याने वाचायचे. मी टाचण्या वेचायचे, आणि ताई एकीकडे मावशींच्या सुईत दोरा ओवून द्यायची, एकीकडे मला भूमिती समजावायची. वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण ताईसमोर माझं तोंड बंद होत नाही. म्हणजे, व्हायचं नाही.

तर ताई म्हणाली, "शेपटी हिनेच धरायची." आदल्या दिवशी चर्चमध्ये तालीम झाली, कोण कुठून येणार, कुठे थांबणार, सगळं. मी कुठे होते? वर्गात, सहामाहीचा पेपर लिहीत. घरी विचारावं, तर आमच्यातलं कुणी चर्चमधल्या लग्नाला कधी गेलेलंच नाही. आई म्हणाली, "त्यात काय अवघड आहे? धरायची आणि चालायचं." बरोबर आहे. पण कुठे सोडायचं?

चालले. ऑर्गन वाजतोय, लोक उभे, मी मान खाली घालून फक्त लेस बघतेय. ताई थांबली, मी थांबले. तिथे सोडायची असते म्हणे. मला काय ठाऊक? ताई दोन पायऱ्या चढली, मीही चढले. डावीकडे नवरदेव, उजवीकडे ताई, आणि मागे मी, पार्सल घेऊन सहीची वाट बघणाऱ्या माणसासारखी. ते दोघे गुडघ्यांवर बसले, मीही बसले. आई पहिल्या बाकावरून कुजबुजली, आणि आईची कुजबुज म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत, "अगं, सोड ना ती." फोटोग्राफर आपला, "बेटा, थोडं बाजूला... अजून थोडं... घरी जा, बेटा." फादर तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुलाही काही वचन द्यायचंय का, बाळ?" सगळं चर्च हसलं.

खरं सांगू? तोपर्यंत मला कळलं होतं. पहिल्या बाकावरच्या सगळ्या बायका हातवारे करत होत्या, न कळायला मी काय खांब आहे? पण अंगठ्या घालायच्या राहिल्या होत्या, आणि रविवारी ताईचं विमान होतं, इतक्या लांबचं, की मी शाळेत जाणार तेव्हा ती तिकडे झोपणार. म्हटलं, एवढा वेळ तरी... आणि मूठ आणखी आवळली. तेवढ्यात ताई नवरदेवाकडे वळली आणि टर्रर्र... वीतभर लेस माझ्या मुठीत.

ताईने मागे पाहिलं. माझी मूठ पाहिली. ओठांवर बोट ठेवलं, हसली, आणि वळून अंगठीसाठी हात पुढे केला. बाहेर आल्यावर सगळ्यांना म्हणाली, "खिळ्यात अडकली असेल." आई लगेच, "मेले खिळे, लग्नाच्या दिवशी तरी ठोकून घ्यावेत." बिचारा खिळा.

लेस मी कंपासपेटीत लपवली. रविवारी ताई गेली. बॅगेत मावेना म्हणून गाऊन इथेच राहिला. सोमवारी मावशी तो मांडीवर घेऊन बसल्या, फाटलेली जागा दिव्याखाली धरली आणि म्हणाल्या, "खिळ्याने कापड फाटतं. हे तर उसवलंय." मी खाली वाकून टाचण्या शोधायला लागले. "आण, कुठे ठेवलंयस ते." आणलं. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. मावशी लेसवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पक्की शिवली असती तर तुझ्या हाताने निघाली नसती. शेवटची वीत मी नुसत्या धावदोऱ्यावर ठेवली होती. ती शिवली की गाऊन पुरा झाला असता ना... उद्या शिवू, उद्या शिवू म्हणत बसले."

आईने आतून दोनदा जेवायला बोलावलं, आम्ही दोघी उठलोच नाही.

तेव्हापासून ती वीत शिवणं चाललंय. सुईतलं भोक मावशींना दिसत नाही, ताई ओवायची, आता ते काम माझ्याकडे आलंय, बिनपगारी. दोरा मी मुद्दाम आखूड घेते. चार टाक्यांत संपतो, की मावशी हाक मारतात. त्यांना कळतं, तरी रीळ माझ्याच हातात देतात. आज गुरुवार. अर्धी वीत झालीय.

"अगं ए, दोरा संपला गं, ये."

आले, मावशी. तर मी काय सांगत होते, कुठे सोडायचं ते आम्हाला दोघींनाही कुणी सांगितलंच...