त्या ठेल्यावर दम होता

आमचं मूळ कामठीचं, नागपूरच्या पल्याड. बाप बिड्या वळे, माय बिड्या वळे, अन् म्या चौथीतून शाळा सोडली, कारन मास्तर मारे अन् मले मार खायची आवड नव्हती. मंग नागपुरात बसस्टँडजवळ तर्री-पोह्याचा ठेला लावला, तो एकतीस वर्षं चालवला. चालवला म्हनतो, पन तुमी लिहून घेऊन राह्यले तर खरं सांगतो तुमाले, मी नुसता उभा राहायचो. चना ती भिजवे, मसाला ती वाटे, तर्रीचा लाल रस्सा तिच्याच हातचा, मी आपला पळी घेऊन गिऱ्हाइकाशी गप्पा हानायचो अन् लोकं म्हनत, काय हात हाय तुमचा. मीबी होच म्हनायचो. ती म्हनजे शेवंता, माही बायको. आता नाही ती. दुसरा हिवाळा हा तिच्याबिगर.

पोरगा प्रशांत शिकला, इंजिनेर झाला, इकडं टोरांटोजवळच्या ह्या हॅमिल्टनात नोकरीले लागला अन् आमाले दोघाले बोलावून घेतलं. ठेला विकून टाकला. इथं म्हाताऱ्याले काम काय, तर ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करा अन् नातीची शाळेची बस पाहा. नात इंग्रजीत बोले, शेवंता वऱ्हाडीत बोले, दोघींचं बरोबर जमे, मलेच मधातलं काही समजत नसे.

इथं आल्यावर म्या शेवंताले एक ताकीद देल्ली होती, की ठेल्याचं नाव कोनासमोर काढायचं नाही. पोराकडं पुन्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले येत, काका तिकडं काय करत होते विचारत, तर मी म्हनायचो हॉटेल लाइनमध्ये होतो. ती पदरात तोंड घालून हसे. मंग खोलीत मले म्हने, तुमचं हॉटेल चार चाकाचं होतं, तेबी एक चाक वाकडं.

तर एका जानेवारीत पोरानं आमाले मेक्सिकोले नेलं. इथले लोकं थंडीले कटाळून तिकडं जातेत. समुद्राकाठी मोठं हॉटेल, हाताले एक पट्टा बांधून देतेत, तो दाखवला की दिवसभर खा-प्या, वेगळे पैसे नाही. संग पोराच्या ऑफिसातलं एक पुन्याचं जोडपं होतं, लै साफसूफ लोकं. शेवंतानं दोन दिवस तिथलं खाल्लं अन् तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर टेबलावर म्हने, हे सारं फिक्कं हाय. म्हने, गाडीतून येतानी मले गेटाच्या पुढं झाडाखाली एक बाई दिसली, तवा मांडून मक्याची भाकर थापत होती, लोकं तिच्यात मटन भरून खात होते. म्हने, मले तिथं स्टुलावर बसून खायचं हाय. एकतीस वर्षं ठेल्यावर दुसऱ्याले प्लेटा देल्ल्या, मले कोनी बसवून प्लेट देल्ली नाही.

पुन्याची बाई लगेच म्हनाली, अय्या, तुमचा ठेला होता का काकू? माह्या अंगाची आग झाली. म्या शेवंतावर वरडलो. म्हटलं, ठेल्याचं मले नको शिकवू, पानी कुठलं, फडकं कुठलं, मटन कवाचं, परदेशात पोट बिघडलं तर कोन पाहीन. मी आधी पाहून येतो, मंग ठरवू. ती म्हने बरं, या पाहून. अन् तिथंच बसून राह्यली, चप्पल घालून, तयार.

गेलो. आता ठेला कसा पाहावा हे मले कोनी सांगायची गरज नाही. बोर्ड पाहू नये, गर्दी पाहावी, अन् गर्दीतबी सुटीवर आलेली लोकं पाहू नये, मजूर पाहावा. मजुराले खिशाचीबी फिकीर असते अन् पोटाचीबी, त्याले दुपारी परत कामावर जायचं असते. तिथं हॉटेलात झाडू मारनारे, गवंडी, टॅक्सीवाले उभ्यानं खात होते. कांदा समोरच चिरून राह्यली होती, फडकं धुतलेलं, चटनीवर झाकन. बाई शेवंताच्याच वयाची. म्या बोटानं दाखवलं, तिनं दोन तळहाताएवढ्या भाकरी तव्यावर टाकल्या, मटन बारीक करून भरलं, वरून कांदा, सांबार, म्हनजे तुमची कोथिंबीर, अन् लिंबू. काय सांगू तुमाले, आमच्याच पोह्यावरचा कांदा, सांबार, लिंबू, अन् मानूस कुठल्या कुठं. वर हिरव्या मिरचीची चटनी. टाको म्हनतेत तिकडं त्याले. म्या एक खाल्ला, दोन खाल्ले, तिसरा मागून घेतला. तिन्हीचे मिळून इथल्या एका कॉफीएवढेबी पैसे झाले नाही.

अन् परत येऊन म्या काय म्हटलं माहीत हाय? म्हटलं, काही दम नाही. एक घास खाल्ला अन् टाकून देल्ला.

काऊन म्हटलं? चांगलं हाय म्हटलं असतं तर सारेच उठले असते, पुन्याचेबी, अन् ही तिथं स्टुलावर बसून चाकापासून तर्रीपर्यंत सारा ठेला त्यांच्यासमोर मांडून बसली असती. मले लाज वाटली. अन् अजून एक, ते तोंडातून निघत नाही पन सांगतो, ती चटनी आमच्या तर्रीले भारी होती. ते मले पचलं नाही. शेवंतानं चपला काढून ठेवल्या. संध्याकाळी माहा शर्ट तिनं बेसिनमध्ये धुतला.

त्याच उन्हाळ्यात तिले पोटाचं मोठं दुखनं निघालं. दवाखान्यात नळी लावली, तोंडानं खानं बंद. एक दिवस मले म्हने, मेक्सिकोतलं ते कसं होतं जी, खरं सांगा. मले वाटलं आता चांगलं म्हटलं तर हिच्या जिवाले लागन, म्हनून म्हटलं, सांगितलं ना, दम नव्हता. ती हसली. म्हने, तुमी जलमात दुसऱ्याच्या ठेल्याले चांगलं म्हटलं नाही, तुमी वाईट म्हटलं तवाच समजली मी. अन् शर्टाच्या पोटावर तीन जागी हिरवी चटनी होती, एका घासाची येवढी सांडत नाही.

म्या म्हटलं, मंग तू गेली काऊन नाही? गेट तर पुढंच होतं.

म्हने, मले तुमी न्यायचं होतं.

बस, येवढंच. पोरगा म्हनते बाबा, कायले मनाले लावून घेता. नात म्हनते, इट्स ओके आजोबा. कायचं ओके. साधं उठून दोनशे पावलं चालायचं होतं.

आता आमच्या लोकायच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाले टोरांटोकडं हॉल घेतेत, तिथं पोहे मीच करतो, हे आज तुमच्या प्लेटीत हायेत तेबी माहेच. तिच्यासारखी तर्री येत नाही, लोकं चांगली म्हनतेत, मी नाही म्हनतो. कोनी विचारलं काका काय करत होते, तर सांगतो ठेला होता, अन् तो बायको चालवे.

तुमी कधी मेक्सिकोले गेले तर गेटाच्या बाहेर जा. मजूर जिथं उभा दिसन तिथं थांबा, अन् घरच्या बाईले आधी बसवा, तिच्या हातात प्लेट द्या, मंग आपली मागा. चांगलं होतं ते. जबर होतं. तिले सांगायचं ते तुमाले सांगून राह्यलो. राहू द्या ते लिहायचं आता, पोहे थंडे होतेत. अन् तुमची मंडळी कवाची उभी हाय तिकडं दरवाज्यात, तिले खुर्ची द्या आधी.