बांधकामाच्या वाळूत केलेल्या किल्ल्याबाबत

नाव: विश्वास नरहर टिळेकर. वय: ७४ वर्षे. व्यवसाय: निवृत्त, पूर्वी वीज मंडळात कारकून. राहणार: सातारा, सध्या मुलगी रूपाली हिच्या घरी, हूफडॉर्प, नेदरलँड्स.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून, दुभाषी संहिताताईंमार्फत जबाब देतो की,

मी व पत्नी सुमेधा वरील घरी पाहुणे म्हणून आलो आहोत. जैसलमेरला आम्ही दोघांनी जायचे ठरले होते. तिकिटे काढली आणि काचबिंदूने तिची नजर गेली. तीच म्हणाली, तुम्ही पाहून या आणि मला सांगा. मी पाहून आलो व सांगितले. त्यावर ती म्हणाली, "अहो, तुमच्या सांगण्यात नुसतं सोनं आणि संध्याकाळ. किल्ला कुठाय?"

शाळेत पाठ केलेल्या कवितांमुळे मला असे नटवून सांगायची सवय आहे. हे वाक्य जबाबाला लागत नाही असे संहिताताई म्हणाल्या. तरी राहू द्यावे.

घरामागे नवीन घरांचे काम चालू आहे. तेथे ओल्या वाळूचा मोठा ढीग आहे. कुंपणाच्या फटीतून मी रोज संध्याकाळी आत जात होतो, हे खरे आहे. चमचा व आइस्क्रीमच्या काड्या घरच्याच. पावसासाठी जावयांच्या सायकलचे आच्छादन वर टाकत असे. टेकडी, बुरूज, वळत वर जाणारी वाट, तिच्यावरचे चार दरवाजे, हवेल्यांचे सज्जे व जाळ्या केल्या. तेथील दुसऱ्या कशालाही हात लावला नाही.

आज प्रथमच पत्नीस आत नेले. तिने तटापासून चाचपायला सुरुवात केली. एका जाळीवर बोट बराच वेळ ठेवले. मग विचारले, "वर अजून माणसं राहतात म्हणालात ना? मग धुणं कुठे वाळत घालतात?" ते पाहिले नव्हते, असे मी सांगितले. "एवढे जाऊन आलात, आणि दोरी नाही पाहिलीत," असे म्हणून ती हसली. तिचा हात तिसऱ्या दरवाजात असताना पोलीस आले. हात मीच उचलून घेतला.

उद्या सकाळी तो ढीग यंत्राने पसरणार आहेत, असे मला येथे कळले. परवानगीशिवाय पुन्हा आत जाणार नाही, हे मान्य आहे. मात्र चौथा दरवाजा, राजवाडा व देवळे तिची पाहायची राहिली, एवढी नोंद घ्यावी, अशी विनंती मी केली.

त्यावर अधिकारी बाईंनी बांधकाम कंपनीत फोन केला. यंत्र सुरू होण्याआधी त्यांचा माणूस आम्हा दोघांना आत नेईल, असे त्यांनी सांगितले. सुमेधा बाहेर बाकावर बसली आहे. तिला हे अजून ठाऊक नाही. तरी सही कुठे करायची ते लवकर दाखवावे.

हा जबाब संहिताताईंनी मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे.