दाजींच्या हाताला चैन नाही

एलुनेद: दाजी, त्या रिळाला पुन्हा हात लावाल तर बोटं मोडीन तुमची.

ग्विलिम: नुसतं बघतोय. गळावर किडा आहे का गेला, एवढंच.

एलुनेद: पाच मिनिटांपूर्वी बघितलात ना? आणि त्याच्या आधी पाच मिनिटांपूर्वी. अहो, समुद्राचं पाणी बघा किती गढूळ आहे. थंडीतला मासा डोळ्यांनी येत नाही, नाकानं येतो. किड्याचा वास पसरायला वेळ लागतो. तुम्ही दर वेळी गुंडाळून वर काढता, म्हणजे जेवायला बोलवायचं आणि पाहुणा दाराशी आला की ताट उचलायचं!

ग्विलिम: मग किती वेळ ठेवायचं?

एलुनेद: वीस मिनिटं. निदान.

ग्विलिम: वीस? म्हणजे आता एक वाजून अडतीस, तर एक अठ्ठावन्नला...

एलुनेद: घड्याळ काढा.

ग्विलिम: का म्हणून?

एलुनेद: काढा म्हणते ना. माझ्या खिशात राहू दे.

ग्विलिम: एक्केचाळीस वर्षं कारखान्यात भट्टीवर पाळ्या केल्यात मी. घड्याळाशिवाय मला नागडं झाल्यासारखं वाटतं.

एलुनेद: या वाऱ्यात तुम्हाला बघायला कोण येतंय? द्या इकडे. आणि हात बगलेत घाला, म्हणजे गरमही राहतील आणि गप्पही बसतील.

ग्विलिम: ती काय म्हणाली आज सकाळी?

एलुनेद: कोण?

ग्विलिम: कोण काय विचारतेस? तुझी ताई, मेन्ना. चार दिवस झाले तुझ्याकडे येऊन. काहीतरी म्हणालीच असेल.

एलुनेद: म्हणाली, अंडं जास्त उकडलं.

ग्विलिम: माझ्याबद्दल विचारतोय.

एलुनेद: तुमच्याबद्दलच ते. म्हणाली, ग्विलिम बरोबर साडेचार मिनिटं उकडतो. मग रडायला लागली.

ग्विलिम: म्हणजे आठवण येतेय तिला.

एलुनेद: दाजी, त्या साडेचार मिनिटांना कंटाळून रडली ती! शेजारी उभं राहून घड्याळ धरता म्हणे. तिला तिच्या हातानं एक अंडं उकडू देत नाही.

ग्विलिम: मी वाईट काय केलं, तूच सांग. सप्टेंबरात रिटायर झालो. पेपर वाचत लोळत नाही, दारूच्या गुत्त्यात जात नाही. घरात हातभार लावतो. सगळे डबे नीट लावून दिले.

एलुनेद: अक्षरांच्या क्रमानं! ताईचं मीठ चुलीपासून सहा पावलांवर गेलं.

ग्विलिम: पाच.

एलुनेद: ते पण मोजलंत! आणि फ्रिजवर तक्ता लावलात. सोमवारी चादरी, मंगळवारी खिडक्या. डिसेंबरात खिडक्या कोण पुसतं हो? बाई आंघोळीला गेली तरी दाराबाहेरून विचारता, अजून किती वेळ.

ग्विलिम: ते एकदाच.

एलुनेद: ताई काय म्हणते ऐकायचंय? म्हणते, एवढी वर्षं मी या माणसाच्या येण्याची वाट बघितली. आता सकाळी उठल्यापासून त्याच्या जाण्याची वाट बघते, आणि तो जातच नाही. मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती. परवा तिनं मला विचारलं, वरची खोली उन्हाळ्यापर्यंत मला देशील का.

ग्विलिम: उन्हाळ्यापर्यंत?

एलुनेद: हो.

ग्विलिम: हे तू मला आत्ता सांगतेस? दोन तास माझ्याकडून गळावरच्या किड्यांना दोरा बांधून घेतलास आणि हे आत्ता? मी जातो. आत्ताच्या आत्ता तिला समजावतो.

एलुनेद: बसा खाली! चार दिवसांत सोळा फोन केलेत, समजली का ती? फोन पिठाच्या डब्यात पुरून ठेवलाय तिनं. त्या गळासारखंच करताय तिचं. टाकला की काढ, टाकला की काढ. जरा पाण्यात राहू द्या की बिचारीला!

ग्विलिम: आणि ती तिकडेच राहिली तर?

एलुनेद: मला नाही माहीत, दाजी. मलाही माझी वरची खोली परत हवीय, खोटं कशाला बोलू. पण ओढून आणलीत तर येईल आणि आठ दिवसांत परत जाईल, एवढं माहितेय. अहो, पाय का आपटताय? खडे उडतायत.

ग्विलिम: मला बसता येत नाही, एलुनेद.

एलुनेद: ते दिसतंय.

ग्विलिम: नाही, ऐक. माझ्या पाळीत एम्रिस होता. तुला आठवतो ना, आमच्या लग्नात नाचला होता. माझ्या आधी वर्षभर रिटायर झाला. म्हणाला, आता खुर्चीत बसणार, उठणारच नाही. खरंच नाही उठला. नाताळसुद्धा बघितला नाही त्यानं. त्याला पुरून घरी आलो आणि खुर्चीकडे बघवेना मला. बसलो की छातीत धडधडतं. वाटतं, थांबलो की संपलो.

एलुनेद: ताईला सांगितलंत हे?

ग्विलिम: नाही.

एलुनेद: मग काय केलंत?

ग्विलिम: डबे लावले.

एलुनेद: दाजी... काय म्हणावं तुम्हाला. घ्या, सूप घ्या. लीकचा कांदा आहे, बटाटा आहे, मीठ मात्र तुमच्या बायकोनं घातलंय, तेव्हा चुकूनही बोलू नका कमी आहे म्हणून.

ग्विलिम: तिनं केलंय? माझ्यासाठी?

एलुनेद: किटलीत भरून दारात ठेवलं. कोणासाठी ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. बघा, न विचारताही दिवस जातो.

ग्विलिम: दोरी सैल पडली बघ. वाऱ्यानं दोरीचं शिशाचं वजन सरकलं वाटतं. नाही नाही, मी हात लावत नाही. वीस मिनिटं व्हायची आहेत.

एलुनेद: वारा कुठला? अहो उठा! उठा! मासा आहे!

ग्विलिम: काठी वाकली तर नाही. उलट सरळ झालीय.

एलुनेद: तेच तर! शिशाच्या वजनाच्या तारा नांगरासारख्या वाळूत रुतल्या होत्या, त्यानं त्या उपटल्या आणि आता किनाऱ्याकडेच पोहत येतोय. कॉड आहे, दुसरा कुणी नाही. गुंडाळा!

ग्विलिम: तूच म्हणालीस हात लावू नका!

एलुनेद: आता लावा! मागे सरका, मागे! दोरी ताठ होईपर्यंत गुंडाळा. हां, आता लागला. भारी आहे हो! असंच, न थांबता. लाटेबरोबर घ्या. दाजी? दाजी, थांबू नका! तिकडे काय बघताय?

(वाळूच्या टेकडीवरून मेन्ना उतरते आहे, एक हात टोपीवर.)

एलुनेद: गेला. गेला ना! सकाळपासून या माणसाचा हात आवरत नव्हता, आणि नेमका आता थांबला!

मेन्ना: काय झालं? कोण गेलं?

एलुनेद: पाच पौंडांचा कॉड गेला. तुझ्या नवऱ्याच्या हातातून.

मेन्ना: का थांबलास, ग्विल?

ग्विलिम: तू आलीस म्हणून.

मेन्ना: मी तुझ्यासाठी नाही आले. किटली न्यायला आले.

ग्विलिम: बरं.

मेन्ना: आणि एलुनेद, दोघांचा आवाज पार टेकडीपलीकडे येतो. एम्रिसचं ऐकलं मी.

ग्विलिम: किती वेळ होतीस तिथे?

मेन्ना: तुझ्यासारखी घड्याळ लावून नव्हते बसले. ग्विल, मला वाटलं तू माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवतोस. एवढ्या वर्षांत तुला तिथे काहीच बरं दिसलं नाही असं वाटलं. फार लागलं मला ते.

ग्विलिम: मी आजच जाऊन सगळे डबे...

मेन्ना: डब्यांना हात लावायचा नाही!

ग्विलिम: नाही लावत.

मेन्ना: माझे मी लावीन. एकटी. घरात कुणी नसताना. तू कामावर गेलास की दार लागायचं, तेव्हा मी मोठ्यानं गायचे, माहितेय तुला? तीन महिने झाले, गायले नाहीये.

ग्विलिम: तू गातेस?

एलुनेद: वाईट गाते. माझ्याकडे चार दिवस सुरू आहे.

मेन्ना: तू गप गं. भरती उद्या किती वाजता?

एलुनेद: पावणेतीन. रोज पाऊणएक तास पुढे जाते. दाजी आले तर दुपारी बारापासून इथे बसवते. किडे मात्र त्यांनी स्वतः वाळूतून खणायचे.

ग्विलिम: किती खणायचे? पन्नास पुरतील? मी एक यादी...

एलुनेद: दाजी.

ग्विलिम: बरं. खणतो.

मेन्ना: मग उद्या साडेबाराच्या बसनं मी घरी येते. तू नसशील ना?

ग्विलिम: नसेन.

मेन्ना: नक्की? मध्येच बघायला येणार नाहीस?

ग्विलिम: नाही येणार. इथेच बसेन. जमेल तसं.

मेन्ना: अंधार पडायच्या आत मात्र ये.