चौधरींच्या गच्चीवरचा झेंडा

मी सेलूची. परभणी जिल्ह्यातलं सेलू. आमच्याकडे दुधना नदी आहे, नाव दुधना, पण उन्हाळ्यात थेंब नसायचा पाण्याचा, आम्ही पोरी वाळूत झरा उकरायचो आणि वाटीवाटीने घागर भरायचो. वडील शिंपीकाम करायचे. लग्न ठरलं तेव्हा दिल्ली नेमकी कुठे हेसुद्धा मला माहीत नव्हतं, वर कुठेतरी, थंडी फार, एवढंच. आमचे हे केंद्र सरकारात कारकून, आर. के. पुरमला क्वार्टर. स्टेशनवर उतरलो तर हे एवढं धुकं. असं धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं, समोरचं माणूस दिसेना, हे पुढे ट्रंक घेऊन आणि मी नुसती त्यांच्या मफलरकडे बघत मागे मागे, आणि मला वाटलं आपण अजून गाडीत झोपलोय, हे सगळं स्वप्नात चाललंय. काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं झाली, मुलगी झाली, तिचं लग्न झालं, हे गेले, तरी कधीकधी थंडीत सकाळी दार उघडलं की वाटतं, मी त्या गाडीतून पुरती उतरलेच नाही.

क्वार्टरमध्ये सगळेच बाहेरचे हो. शेजारी तमिळ, वर बंगाली, समोर गढवाली. कुणी कुणाला विचारलं नाही की तू इथे का. मीच मनातून सेलूत राहायचे. मतदारयादीतलं माझं नाव सेलूहून इकडे आलं ना, तेव्हा मी रडले होते, खरंच रडले. हे म्हणाले, अगं वेडी आहेस का, नावच तर हललंय. मी म्हटलं, तेच तर एक राहिलं होतं तिकडे.

मत द्यायचं म्हणजे हे सांगतील तिथे. ह्यांचा पक्ष ठरलेला, ह्यांच्या वडिलांचाही तोच. पक्षाचं नाव नका लिहू तुम्ही, कुठल्याच पक्षाचं नका लिहू, वाचणाऱ्याला काय कळायचं ते कळतं. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून जायचो, येताना मार्केटमध्ये छोले खायचो. सणच होता तो आमचा.

मग रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. सासरच्या घराच्या दिरांनी वाटण्या केलेल्या, मुलगी गुडगावला नोकरीला, हे म्हणाले दोन खोल्या भाड्याने घेऊ मुनिरक्याला, क्वार्टरजवळच, पुढच्या वर्षी बघू गावाचं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता हे गेले. घर चौधरींचं. चौधरी म्हणजे इथले मूळचे, गाव त्यांचं, शेतं होती तिथे आता मजल्यावर मजले. सगळ्यात वर मी, दोन खोल्या आणि पुढे गच्ची. खालच्या खोल्यांत आपल्याकडची पोरं, कुणी नांदेडचं, कुणी धुळ्याचं, परीक्षांचा अभ्यास करणारी. एक इरफान नावाचा मुलगा, उदगीरचा, मी फोडणी घातली की जिन्यात येऊन उभा राहायचा. एकदा म्हणाला, काकू, आमटी आहे का हो ती? बस, त्या दिवसापासून माझी खानावळ सुरू झाली म्हणा ना.

हे गेल्यावर जी विधानसभेची निवडणूक आली, त्यात मी पहिल्यांदा दुसरीकडे बटण दाबलं. नवा पक्ष होता, विजेचं बिल कमी आलं होतं, गल्लीत दवाखाना झाला होता, मला वाटलं देऊन बघू. पण बटण दाबताना, अगदी खरं सांगते, मागे हे उभे आहेत आणि घसा खाकरतायत असं वाटलं. मी वळून बघितलं. मागे पडदा होता नुसता.

चौधरीजींचं तसं नव्हतं. त्यांच्या गच्चीवर, म्हणजे माझ्याच डोक्यावर, पाण्याच्या टाकीला झेंडा बांधलेला असायचा. मी राहायला आले तेव्हा ह्यांच्या पक्षाचा. मग नव्या पक्षाचा. आणि ह्या गेल्या निवडणुकीच्या आधी, डिसेंबरात असेल, एक दिवस मी कपडे वाळत घालायला गेले तर तिसराच. मी विचारलं, भाईसाहब, ये क्या? तर म्हणाले, भाभी, हवा जिधर, झंडा उधर. झेंडा वाऱ्याच्या दिशेनेच उडतो, खोटं काय त्यात.

आता मोमिनाचं सांगते. मोमिना माझ्याकडे पोळ्या लाटायला यायची. बंगालमधली, मालदा जिल्ह्यातली, नवरा रशीद भाजीचा ठेला चालवायचा, एक मुलगी शाळेत, नाल्याकाठच्या झोपड्यांत राहायचे. पहिल्यांदा आली तेव्हा पोळीला तेल लावून घडी घालतात हे बघून हसत सुटली होती, नंतर माझ्यापेक्षा मऊ करायला लागली. तिचं हिंदी मोडकं, माझं मराठी वळणाचं, पण गप्पा अशा व्हायच्या आमच्या. तिचं घर गंगेने नेलं. पूर नाही हो, नदी काठच खात खात आली आणि एका दुपारी अंगण, मग चूल, मग भिंत. ती सांगायची आणि मला ते सगळं हळूहळू पाण्यात जाताना दिसायचं. मी म्हटलं, आमच्या नदीत पाणी नाही म्हणून आम्ही निघालो. ती म्हणाली, हमारा में जादा था, दीदी. दोघी हसलो. पीठ मळत हसलो.

त्या थंडीत माइक लावलेल्या गाड्या फिरायला लागल्या. बाहरवालों को बाहर करेंगे. एक पक्ष मोठ्याने म्हणायचा, दुसरा हळू म्हणायचा, आणि तिसरा म्हणायचा हे आम्हीच आधी म्हटलं होतं. मोमिना लाटणं थांबवून ऐकायची. मी म्हणायचे, अगं निवडणूक आहे, बोलतात, संपलं की विसरतात.

एक दिवस ती आली, हात धुतले, पीठ मळायला बसली, एक शब्द नाही. मी म्हटलं, काय झालं ग? तर मळता मळताच म्हणाली, रशीद को ले गया. पोलीस आले होते झोपड्यांत, पुरुषांना घेऊन गेले, तुम्ही बांगलादेशी आहात, तपासायचंय म्हणून. कागद दाखवले तर म्हणे हे कुणीही बनवतं. मी म्हटलं, तू घरी जा. म्हणाली, घर में क्या करेगा, दीदी.

इरफानला मी म्हटलं, चल बाबा माझ्याबरोबर ठाण्यात, तू शिकलेला, नीट बोलशील. तो ताटाकडे बघत राहिला. म्हणाला, काकू, मी आलो आणि त्यांनी नाव विचारलं, तर तिचं काम आणखी बिघडेल. उदगीरचं पोर, उद्या साहेब होईल, आणि हे बोलला. माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी चौधरीजी वर आले. भाभी, उस बंगालन को हटा दो. पार्टीवाले विचारतात, आपके घर में कौन आता है. मतदानापर्यंत तरी तिला येऊ देऊ नका, नाहीतर दुसरा कमरा देख लो. मी म्हटलं, भाईसाहब, बाहर की तो मैं भी हूँ. म्हणाले, अरे, आप तो अपने हो. मी म्हटलं, माणूस किती वर्षांनी अपना होतो ते सांगा, म्हणजे मी मोमिनाला सांगते तेवढी वर्षं थांब म्हणून. ते तसेच वळले. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला.

तेव्हा मला एकच स्वप्न पडायचं. मी सेलूला घराच्या दारात उभी, आत वडिलांचं मशीन चालल्याचा आवाज, आणि कुणीतरी विचारतंय, कहाँ से हो? मी सांगते, इथलीच, ह्याच घरची, पण तोंडातून हिंदी येतं, मराठी शब्दच सापडत नाही, आणि आत मशीन थांबतं. मी जागी व्हायचे आणि पडल्या पडल्या मराठी शब्द म्हणत राहायचे, उंबरा, कोनाडा, शिंकाळं. माझ्या मुलीला ह्यातलं शिंकाळं माहीत नाही.

मग चौधरींच्या घरात रडारड ऐकू आली. त्यांचा मुलगा मोहित, एजंट धरून अमेरिकेला गेला होता, जंगलातून, कुठून कुठून, तिकडे ट्रक चालवायचा म्हणे. तिकडेही निवडणूक झालेली, तिकडेही तेच, बाहेरच्यांना बाहेर काढा. त्याला पकडून कुठेतरी ठेवलं होतं. फोन बंद.

त्या आठवड्यात एक दिवस धुकं फाटलं आणि असं ऊन पडलं, बिल्कुल साजूक तुपासारखं. मी आणि मोमिना गच्चीवर मटार सोलत बसलो होतो. चौधराइन, म्हणजे चौधरीजींची बायको, वर आल्या. कधी येत नाहीत, गुडघे दुखतात. येऊन चटईवर बसल्या. ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, फोन नहीं उठाता मेरा लड़का. मोमिना शेंगा बघतच म्हणाली, मेरा वाला भी नहीं उठाता. चौधराइननी तिच्याकडे बघितलं. कोण आहे ते त्यांना माहीत होतं. मग परात स्वतःकडे ओढली आणि सोलायला लागल्या. आमच्यावरून विमानं इतकी खालून जातात ना, चाकं दिसतात. प्रत्येक विमानाला त्या मान वर करायच्या आणि त्यांच्याबरोबर मोमिनाही करायची. किती वेळ बसलो काय माहीत, ऊन सरकलं की आम्ही चटई सरकवायचो, आणि मला वाटत होतं हे असंच राहावं, खाली कुणाला उतरायलाच लागू नये.

रात्री त्या नवऱ्याला काय बोलल्या मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी चौधरीजी वर आले, गळ्यात टाकीवर होता त्याच झेंड्याचा मफलर, म्हणाले, चलो भाभी, उसको भी ले लो. ठाण्यात त्यांना बघून साहेबांनी खुर्ची दिली. चौधरीजी म्हणाले, मालदा का आदमी है, मेरे घर का काम करता है, जिम्मा मेरा. एवढंच. मोमिना तेच कागद घेऊन आली होती, तेच त्यांनी पुन्हा बघितले आणि आता ते खरे निघाले. जेवणवेळ टळून गेल्यावर रशीद बाहेर आला. दाढी वाढलेली, मोमिनाने त्याची बाही धरली आणि घरापर्यंत सोडली नाही. मी मागून चालत विचार करत होते की ज्यांच्या माइकमुळे हा आत गेला, त्यांच्याच मफलरमुळे बाहेर आला, आता ह्याला काय म्हणावं? अजून डोक्यात बसत नाही माझ्या.

मतदानाच्या सकाळी परत धुकं. शाळेपर्यंत गेले, बटणासमोर उभी राहिले. मी चौधरीजींच्या मफलरला मत दिलं नाही. उपकार केला होता माणसाने, तरी नाही दिलं, आणि बरं काही वाटलं नाही, वाईटच वाटलं. परत आले तर ते दारातच बसलेले. किसको दिया, भाभी? मी म्हटलं, भाईसाहब, खोटं कशाला बोलू, आपको नहीं दिया. मला वाटलं, झालं, आता खोली गेली. तर आतून चौधराइनचा आवाज आला, मेरा भी नहीं मिला तुम्हें! चौधरीजींनी एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, चाय पियोगी?

त्यांचा पक्ष जिंकला. गल्लीत ढोल वाजले, लाडू वाटले, मीही खाल्ला.

रशीदला मात्र झोप लागेना. गाडी थांबल्याचा आवाज आला की उठून बसायचा. चौधरीजी स्वतः म्हणाले, रुक जा, कोई कुछ नहीं करेगा, पण नाही थांबले. मुलीचं नाव शाळेतून काढलं आणि गेले मालद्याला, मोमिनाच्या भावाकडे. मोमिना कधीतरी फोन करते. म्हणते, दीदी, पोळी बनाया, सब लोग खाया. मी विचारते, येणार का परत? तर म्हणते, देखेगा. आता पोळ्या मीच लाटते, मनगट दुखतं.

मोहित आला. तिकडच्या सरकारने त्याला परत पाठवला. दिवसभर गच्चीवर खाटेवर पडून असतो, कुणाशी बोलत नाही, माझ्याकडचं वरणभात मात्र खातो. परवा म्हणाला, आंटी, मला झोपेतून उठल्यावर कळतच नाही मी कुठे आहे. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. म्हटलं, नको कळू दे लगेच, पडून राहा. चौधराइन मला विचारतात, टिकेल ना हा इथे? काय सांगू. आपण सगळेच कुठूनतरी येऊन बसलेले. आता मी देवापुढे दिवा लावते तेव्हा एवढंच म्हणते, मोमिना तिकडे, हा पोरगा इकडे, माझी मुलगी, ती अभ्यास करणारी पोरं, सगळ्यांना सुखी ठेव, आणि जो जिथे टेकलाय त्याला तिथून कुणी ऊठ म्हणू नये. बसा तुम्ही, भात लावलाय, जेवूनच जा.