खालच्या खोलीतली खाट

जावंसाठी म्हणतासा? मग थांबा की ओ बाई, ही कशाला उलगडतासा — ही भारीतली हाय, हिरवी, ठेवा बाजूला. जावंला ही दावतो, ही बघा, अबोली. काठ बारीक हाय, पदर जरा हलका, पर अंगावर घेतल्यावर कोण बघतंय? जावंला द्यायची साडी कशी असावी सांगू? चार लोकांत नेसली की ‘कुणी दिली गं’ म्हणून इचारावं, आणि आपल्या शेजारी येऊन बसली की फिकी पडावी. हसायलायसा! वडगावात, ह्या घरात थोरली सून म्हणून सव्वीस वर्सं काढलीत मी, खाली माग चालतोय आणि वर ह्या खोलीत मी गिऱ्हाईक बघून साडी काढतो. तोंड बघितलं की कळतंय, साडी मायेनं घेतायत का रीत म्हणून.

न्हाय, न्हाय, आमच्यात तसं काय न्हाय. माझी धाकटी जाऊ लई चांगली हाय. खाली बसलीय न्हवं, येताना बघितलासा की — सोप्यात, आमच्या आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या शेजारी, केस मोकळं सोडून, हातात फोन — तीच, रूपाली. कागलची. चांगली हाय, मी कुठं वाईट म्हणतो? शिकलीय, हापिसात कंप्युटरवर बसती, दोन वर्सामागं नवऱ्याला घेऊन टिळकवाडीत फ्लॅटमध्ये ऱ्हायला गेली. आयतवारी येती, सफरचंदं आणती, ‘आक्का, दमलासा काय हो’ म्हणती. दमलो तर तू काय माझ्या जागी मागावर उभी ऱ्हाणार हाईस? असं मनात म्हणायचं. तोंडानं ‘न्हाय गं, कशाची दमणूक’ म्हणायचं. जग असंच चालतंय.

आता हेच बघा की. दिवाळीत आमचं माग चार दिवस बंद असत्यात. तर आत्तींनी काढलं — सगळ्यांनी मिळून बेंगळूरला जाऊया. आत्तींचं वय अठ्ठ्याहत्तर. उभ्या जन्मात ह्या बाईनं कधी काय मागितलं न्हाय, आणि मागितलं तर हे. बेंगळूर बघायची हौस न्हवं ओ — त्यांना काय बेंगळूर आणि काय लोंढा, सगळं सारखंच. म्हणाल्या, ‘तिन्ही पोरं तीन ठिकाणी, तीन चुली झाल्या. एकदा सगळी एका छपराखाली निजलेली बघायचीत मला. सकाळी उठून मोजायचीत.’ लहान असताना मोजायच्या म्हणे, रात्री पांघरूण घालताना. आता तीन भाऊ, त्यांच्या बायका, नणंद, नणंदेचा नवरा, पोरंटोरं, आत्ती — सतरा माणसं. सतरा माणसांना एका ठिकाणी जागा, ती बी बेंगळुरात, ती बी दिवाळीत! सांगा बघू, कुठं मिळतीय?

आणि आजवर हे काम कुणाचं? माझं. ह्या घरातली माणसं कुठंबी जाऊ देत — सौंदत्ती, गोकर्ण, कोल्हापूर — उतरायचं कुठं, हे चंपा बघणार. माझं माहेर बैलहोंगल, कन्नड माझ्या तोंडात, माणसं माझ्या वळखीची. एक फोन लावला की कुणाची तरी पडवी, कुठल्या तरी मठाची खोली, समाजाचा हॉल — झालीच सोय. गोकर्णाला तर बावीस माणसं निजवलीत मी एका भटजींच्या माडीवर. कुणी कुठं निजायचं, कुणाचं घोरणं कुणाला चालत न्हाय, आत्तींना भिंतीकडंची जागा — सगळं माझ्या डोक्यात. ‘चंपा हाय म्हणून’ — असं सगळी म्हणायची. आत्ती न्हाय म्हणायच्या. आत्ती कुणालाच काय म्हणत न्हाईत. पर मला वाटायचं, मनात म्हणत असतील.

तर मी बेंगळूरला माझ्या मावसभावाला फोन लावला. त्याचं मोठं घर हाय, वर गच्ची हाय. आधी लई ग्वाड बोलला — आक्का कशी हाईस, मावशी कशी हाय. मग मी म्हटलं, सतराजण हाय. तर म्हणाला, ‘आक्का, आवाज येईना बघ, रेंज न्हाय.’ आणि ठेवला. परत लावला तर उचलंना. आता बेंगळुरात रेंज न्हाय आणि आमच्या वडगावात हाय, व्हय ओ बाई? हे मी घरात कुणाला सांगितलं न्हाय बरं का. तुम्हाला सांगतो. घरात म्हटलं, त्याच्यात पावणे आल्यात. समाजाच्या हॉलात लग्न. लॉजवाले म्हणत्यात दोन माणसाला एक खोली — तीन चौथ्या मजल्यावर, तीन सातव्यावर, आत्ती कुठल्या लिफ्टात आणि पोरं कुठल्या! पंधरा दिवस मी फोन लावून लावून कान तापवून घेतला. मिळालं न्हाय.

आणि हिला मिळालं. अंगठ्यानं. इथं सोप्यात बसून, खारे शेंगदाणे खात खात, एका अंगठ्यानं. ‘आक्का, बघा की, अख्खं घर हाय’ — आणि दावाय लागली फोटो. मल्लेश्वरमात का कुठं, जुनं घर, वर चार खोल्या, खाली एक, मोठा हॉल, दोन गॅस, पाठीमागं नारळीचं झाड. सगळी तिच्या फोनवर वाकली. आमचे मालक बी — आयुष्यात माझ्या हातातल्या कागदावर न वाकलेला माणूस! पोरं वरडाय लागली. आणि आत्ती — सव्वीस वर्सांत माझ्या भाकरीला कधी ‘बरी झालीय’ म्हणाल्या न्हाईत त्या आत्ती — तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘पोरगी हुशार हाय.’

ऐकलं आणि मी पाणी प्यायला आत गेलो. तहान न्हवती.

पोटात दुखलं म्हणा की, तुम्हाला काय लपवायचं. दुखलं. सगळं माझं आणि नाव हिचं! सव्वीस वर्सं मी ह्या घराचं अंथरूण घातलं, आणि ही येऊन उशीवर डोकं टेकती. बरं, ती वाईट वागली असती तर बरं झालं असतं. तर न्हाय — सगळ्यांम्होरं म्हणती, ‘आक्का, घरमालकीण फोन करणार हाय, कन्नडच बोलती, मला कुठं येतंय. तुम्हीच बोला. तुमच्याशिवाय हे व्हायचं न्हाय.’ हे बघा, हे! ढिगातली एक मूठ मला बी. मला राग आला त्याचा.

हो की, बाकीच्यांना येतंय की कन्नड, न येऊन काय करतील? पर बेस्तरवारी हापिसला सुट्टी म्हणून ही हितं आली होती, तवाच फोन आला, आणि बापय माणसं घरात न्हवती. आत्तींना तर माझ्यापेक्षा झ्याक येतंय, ऐन वयात साड्यांचं गठळं घेऊन धारवाडपतूर जायच्या — पर फोन कानाला लावला की नुसतं घुंई घुंई ऐकू येतंय म्हणत्यात. मग हिनं फोन माझ्या हातात दिला, आणि मी बोलत बोलत परड्यात गेलो.

लई ग्वाड बाई ओ. म्हातारीच असणार, आवाजावरनं. ‘बन्नी, बन्नी’ म्हणाली, या म्हणाली. सतरा म्हटलं तरी म्हणाली, या, घर भरू दे, माझी पोरं परदेशात, दिवाळीला घर मुकं असतंय. सयपाक करा, पणत्या लावा. आणि मग आपण हून म्हणाली, ‘तुमच्या सासूबाईंचं वय झालंय असं पोरगीनं लिव्हलंय. त्यांना जिना नको. खालच्या खोलीत खाट घालून ठेवतो, खिडकीजवळ.’

पोरगीनं लिव्हलंय! बघितलासा? तिनं खाटेचं बी लिव्हलं होतं. आत्तींना भिंतीकडंची जागा लागती हे माझ्या डोक्यातलं — ते बी तिनं घेतलं. मला ऱ्हायलं काय? बेंगळुरात जाऊन मी करणार काय — तिनं दावलेल्या खोलीत, तिनं सांगितलेल्या जागी निजणार?

आणि बाई, कुणाची शप्पत घेऊ — माझं मलाच कळलं न्हाय. माझ्या तोंडातनं गेलं, कन्नडात, ‘आम्हाला यायला जमत न्हाय अम्मा. घरात सुतक पडलंय.’ ती म्हणाली, अय्यो, कोण गेलं? आता एकदा बोलल्यावर काय करायचं? खोट्याला पाय लावावं लागत्यात. कोण म्हणून सांगू? पोरांची नावं जिभंवर कशी आणू? नवऱ्याचं? म्हातारं माणूस एकच घरात.

मी म्हटलं, सासूबाई.

नका ओ बाई असं बघू. वर्गातल्या पोरांकडं बघितल्यासारखं बघायलायसा. सांगतो की फुडं. आत आलो, रूपाली दारातच उभी. ‘काय म्हणाली आक्का?’ मी म्हटलं, न्हाय म्हणती. माणसं जास्त हाईत म्हणती. आणि म्हातारं माणूस असलं तर आमच्यात नकोच म्हणती. तिचं तोंड एवढं एवढं झालं. मला वाटलं मला बरं वाटंल. अर्धी घटका वाटलं बी, खोटं का बोलू. मग सोप्यात बघितलं तर आत्ती पिशवी भरत बसलेल्या. नऊवारी, कवळीची डबी, आणि सतरा माणसांना पुरंल एवढी लसणीची चटणी — सगळी आठ दिवस आधी. रूपालीनं जवळ बसून सांगितलं, आत्ती, जागा न्हाय मिळाली. आत्ती ‘बरं’ म्हणाल्या. पिशवीतनं चटणीचा डबा काढला आणि फळीवर ठेवला. एवढंच. रडल्या असत्या, बोलल्या असत्या तर मी बी काय तरी बोललो असतो. डबा जिथला तिथं ठेवला ओ, कडंला सरकवून.

तवापासनं रात्री उठून त्यांच्या अंथरुणाजवळ जातो, श्वास चाललाय का बघतो. जित्या माणसाचं सुतक सांगितलं मी, बाई! आमच्या हाताला धागा तुटला तर गाठ मारता येती. बोललेल्याला काय मारायचं? तुम्ही कन्नड शाळेत शिकिवतासा, चार पुस्तकं वाचलेली हाईत — तुम्ही सांगा की, त्या अम्माला फोन लावून म्हटलं की चूक झाली, तर? नंबर कुठं हाय माझ्याकडं. तो हिच्या फोनात. मागायचा कसा? न्हाय, सांगायचं काय तोंडानं — रूपाली, मला तुझं बघवलं न्हाय म्हणून?

थांबा. जिन्यावर कोण आलं?

ये गं रूपाली. न्हाय, ह्या बाई आमच्याच, शाळेतल्या, साडी बघाय आल्यात, बोल की. काय? कुणाचा? … बेंगळूरच्या अम्माचा? लिव्हलंय काय? … आवाज पाठवलाय. कन्नडातनं. दे हिकडं, मी ऐकतो, तू जा खाली, चहा ठेव बाईंना. लावलास? कवा? … खाली? मोठ्यानं? आत्ती — आत्ती होत्या न्हवं शेजारी?

मग? त्यांनी ऐकलं?

पुरं ऐकलं? … दोनदा लावाय सांगितलं?

काय म्हणाल्या? … सांग की गं, काय म्हणाल्या आत्ती?

‘मला काय कळलं न्हाय, चंपाला इचार.’ — असं म्हणाल्या?

त्यांना कळलं न्हाय. धारवाडच्या पेठंत कन्नडातनं भांडून साड्या खपवणाऱ्या बाईला कळलं न्हाय. आणखी काय म्हणाल्या? … चटणीचा डबा काढाय सांगितला फळीवरनं.

बाई, तुम्ही आता जावा. न्हाय, अबोली ऱ्हाऊ दे, ती नका नेऊ. ती हिरवी न्या, भारीतली, तीच न्या जावंला. पैशाचं मागनं बघू. रूपाली, तू जाऊ नको. बस हितं. बस म्हणतो न्हवं — आणि तो फोन दे माझ्या हातात.

जावा की ओ बाई. जाताना दार तेवढं ओढून घ्या.