बिनवासाची वडी

साबणाचा वास कसा ठरवतात म्हणता ना, मग मायनं कसा ठरवला ते ऐका. माझं कामच ते, पुण्यात साबणाच्या कंपनीत वास जमवायचं. ऐन हळद शिजवायच्या दिवसांत आमच्या गावी, डोंगरकड्याला, घरी आलो होतो. सोबत नमुन्याच्या वड्या होत्या. मोगरा, चंदन, केवडा आणि ताडून बघायला एक बिनवासाची. त्यातला एक वास सोमवारी साहेबांना सांगायचा होता, अन् माझं नाक पार थकलेलं.

वड्या खिडकीत मांडल्या आणि आडवा झालो. घरामागं कढईत हळद शिजून राहिली होती. वाफ अशी आत येत होती की खाट तरंगतेय असं वाटावं.

दुपार कलल्यावर मायला म्हणालो, "डोळे मिटून हुंग."

चंदन हुंगून म्हणाली, "देवळातलं." मोगऱ्याला म्हणाली, "लग्नातलं." मग एका वडीपाशी थांबली ती थांबलीच.

"हे बराबर हाय."

मी पाहिलं. "माय, ही तर बिनवासाची. हिच्यात आमी काहीच टाकलं न्हाई. हळदीची वाफ बसली असंल."

तिनं डोळे उघडले न्हाईत. वडी नाकाशीच धरून म्हणाली, "मंग माझ्या मायच्या पदराचा वास काहून येऊन राहिला?"